पायाखालचं नाव

आर्किटेक्ट ज्युलियनने अनाहितबाईंना फसवलं, आणि त्यासाठी मला वापरलं.

मी दगडाचं काम करतो. लंडनमध्ये हॅरोला वर्कशॉप आहे. सुरुवात किचन वर्कटॉपपासून केली, आता चर्चची कामंही घेतो. अनाहितबाई आर्मेनियन, ऐंशीच्या पुढच्या. इल्फर्डला त्यांच्या लोकांचं छोटं चॅपल होत होतं. तिथे त्यांना आपल्या दिवंगत नवऱ्याच्या नावाची शिळा बसवायची होती. त्यांनी माझ्यापुढे एक जुना फोटो ठेवला.

"हा आमच्या गावच्या मठाचा गावित."

"गावित? आमच्याकडे हे आडनाव असतं."

"आमच्याकडे हॉल असतो. चर्चच्या आधीचा."

चौकोनी, काळोखा हॉल. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी, मधोमध छताला झरोका, उजेड तेवढाच. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर उंच जागी मठ बांधणारे दोघे भाऊ कोरलेले, दोघांनी मिळून इवलंसं चर्च हातात धरलेलं. आणि गावितच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा, अक्षरं झिजलेली.

"लोकांनी आपल्यावरून चालत आत जावं, ही त्या माणसांची इच्छा," बाई म्हणाल्या. "लहानपणी मी अनवाणी जायचे. कुठलं अक्षर कुठे आहे ते तळव्यांना पाठ होतं. ह्यांनाही तसंच हवं होतं. आता तिथे जाणं तर होणार नाही, म्हणून शिळा इथेच दाराशी जमिनीत बसवा."

पुढच्या साइट मीटिंगला बाई नव्हत्या. मी बोलून गेलो, "नावावर पाय? आमच्यात चुकून लागला तरी नमस्कार करतात." सगळे हसले. ज्युलियनने वहीत काहीतरी लिहिलं.

महिन्याभराने त्याचा फोन आला. "बाईंचा विचार बदललाय. शिळा भिंतीत घ्या."

"त्या स्वतः म्हणाल्या?"

"क्लायंटतर्फे मीच बोलतो, मिस्टर पवार."

मी शिळा बसवली. मागे स्टीलचे पिन, त्यांवर रेझिन. असं बसवलेलं फोडल्याशिवाय निघत नाही.

बाई पाहायला आल्या. बूट काढून दारात उभ्या राहिल्या, पायाने जमीन चाचपली. मग वर भिंतीकडे पाहिलं.

"तुमच्या धर्मात चालत नाही, असं ज्युलियन म्हणाला. मग मी हट्ट नाही धरला."

माझं डोकं फिरलं. फ्लोअरचं ड्रॉइंग मागवलं. दाराच्या आत लगेच अंडरफ्लोर हीटिंगचे पाइप. शिळा खाली घ्यायची तर ते वळवावे लागले असते.

घरी येऊन आरडाओरडा केला. बायको शांतपणे म्हणाली, "अहो, जीभ तुमची सैल. आणि कसली आपली रीत? गावच्या देवळाच्या पायऱ्यांवर नावं कोणी कोरली? तुमच्या बाबांनीच ना? भक्तांची पायधूळ लागावी म्हणून?"

खरं होतं. एकेका अक्षरावर बाबा दिवस घालवायचे. नवीन कोरलेलं अक्षर पायाला टोचायचं, मग पावलांनीच गुळगुळीत व्हायचं. त्या पायऱ्या चढून मला वीस वर्षं झाली. आता डोळे मिटले की पायऱ्या दिसतात, नावं वाचता येत नाहीत.

मी शिळा काढून देतो म्हटलं, फुकट. बाई म्हणाल्या, "फुटली तर?" दर रविवारी त्या भिंतीपाशी उभ्या राहतात. नावापर्यंत हात पोचत नाही.

तेव्हापासून मी क्लायंटचं म्हणणं क्लायंटच्या तोंडून ऐकतो, आणि मीटिंगमध्ये धर्म काढत नाही.

पण ज्युलियन, पाइप वळवायचा कंटाळा तुला होता. माझा देव मध्ये का घातलास? उत्तर मला नको. रविवारी ये आणि त्या बाईंसमोर उभा राहून दे.