चुलीचा धूर, चिमणीचा धूर

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी बाबा जीपपर्यंत आले नाहीत. कुरखेड्याहून ब्रह्मपुरीला जाणारी जीप खचाखच भरली होती. टपावर आमची ट्रंक आणि तांदळाचं पोतं. माय खिडकीशी आली आणि एवढंच म्हणाली, "तिकडचं पाणी उकळून पेजो. अन् पोरीले उन्हात नको धाडजो." जीप निघाली तेव्हा बाबा तलावाच्या पाळीवर पाठमोरे उभे दिसले. उन्हाळा अजून पुरता लागलाही नव्हता, तरी तलावाचा तळ उघडा पडला होता.

आमच्यातले काही गावीच राहिले आणि काही माझ्यासारखे गडचांदूरला, नागपूरला, हैदराबादला पांगले. हौसेनं कोणीच निघालं नव्हतं. नव्वदच्या त्या दशकात पाऊस लहरी झाला. उशिरा यायचा आणि आला की एकदम कोसळून मोकळा व्हायचा. धानवाले पीक वाचवायला तलावाचं पाणी सोडायचे, आणि आमच्यासारख्या मासेमारांची मरळ चिखलात तडफडायची. त्यावरून बाबांचं आणि श्रावणभाऊंचं, म्हणजे आमच्या शेजारच्या शेतकऱ्याचं, बोलणं बंद झालं. खरं तर दोघांचंही बरोबर होतं, म्हणून ते भांडण मिटत नव्हतं.

गडचांदूरला माझ्या नवऱ्याला सिमेंटच्या कारखान्यात काम मिळालं. कारखान्याच्या खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजायची. दारातल्या पेरूची पानं कायम पांढरी. पण घरात पंखा होता, गॅस होता, पोरगी दिव्याखाली अभ्यास करायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

काही वर्षांनी उन्हाळ्यात चुलतभावाच्या लग्नाला गावी गेले, तेव्हा समाजमंदिरात सभा होती. जंगल खात्याचे एक तरुण साहेब आले होते. ते समजावून सांगत होते की धुरामुळे सगळं जग तापतंय, झाडं वाचली तर बरं होईल. म्हणून तलावामागचं जंगल गावानं बंद करावं, तिथून सरपण आणू नये.

माझी माय कधी सभेत बोलली नव्हती. त्या दिवशी उठली.

"साहेब, जग तापून राह्यलं हे मले पटते. तलाव आटला ते आमालेच पहिले समजलं. पण ज्यायनं तापवलं त्यायले कोण सांगून राह्यलं? माझी पोरगी गडचांदूरले राह्यते. तिथल्या चिमणीतून रातदिन धूर निघते म्हणते. अन् बंद कोणाची करता, माझी चूल?"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला मायचा राग आला. त्या चिमणीवरच तर माझं घर चालत होतं.

साहेब म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण त्या चिमणीवर माझं काही चालत नाही."

तेव्हा श्रावणभाऊ उठले. "मंग आपलं जेथी चालते तेथी तरी बरोबर वाटून करू. जंगल पाह्यजेच, नाई तर तलावात पाणी कुठून येईन? पण सगळं ओझं गरिबाच्या डोक्यावर नको." आणि माझ्याकडे वळून, "तू काऊन चूप आहेस, बाई? तू त दोन्हीकडची."

मी उठून बोलले. "चिमणी बंद करा असं मी नाही म्हणू शकत, आमचं पोट तिथं आहे. पण तिथला उजेड आम्ही भोगतो, तर इथलं कामही आमच्या वाट्याला द्या. गाव सोडून गेलेले आम्ही सगळे दर उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायला येऊ."

त्या सभेत पुष्कळ आरडाओरडा झाला, पण ठरलं. हिरवं झाड कोणीच तोडायचं नाही. कुंपणासाठी शेतवाल्यांनीही नाही. वाळलं लाकूड मात्र न्यायचं, आणि ज्यांना शेती नाही त्यांनी आधी. धानवाल्यांनी लवकर निघणारा हलका धान लावायचा आणि तलावाच्या खोल कोपऱ्यातलं पाणी मासळीसाठी ठेवायचं. साहेबांनी गाळ काढायचं काम गावच्याच मजुरांना मिळवून दिलं.

आम्ही शब्द पाळला. पहिल्या उन्हाळ्यात गडचांदूरहून मोजकीच घरं आली, पुढे वाढली. बाबा आणि श्रावणभाऊ एकाच खड्ड्यात उतरले. दुपारी श्रावणभाऊंनी आपल्या शिदोरीतली भाकर बाबांपुढे केली आणि बाबांनी ती घेतली. मग एका वर्षी ऐन वैशाखात तलावाच्या त्या खोल कोपऱ्यात पाणी टिकलं. मायनं मरळीचा रस्सा केला आणि पहिली वाटी श्रावणभाऊंच्या घरी धाडली.

मायचा प्रश्न मी इकडे गडचांदूरलाही आणला. आम्ही बायकांनी कारखान्याच्या साहेबांना विचारलं, की धूळ-धूर आणखी कमी का करता येत नाही? त्यांनी ऐकून घेतलं. धूळ धरणारी यंत्रं आता रात्रीही चालतात. भट्टीतल्या कोळशाच्या धुराचं उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि विचारायचं आम्ही सोडलेलं नाही. परवा तर माझी पोरगीच पुढे होऊन बोलली.

इथं कोणी विचारलं की तुमचं घर कुठलं, तर पूर्वी मी लगेच कुरखेड्याकडचं सांगायची. आता थोडी थांबते. ज्या गावाच्या वाटणीत माझ्या नावाचं काम निघतं, ते माझं घर. तसं काम, साहेबांना विचारत राहायचं, आता इथंही निघालंय. म्हणून मी दोन्ही गावांची नावं सांगते.