पोरींबरोबर जायाला बाई पायजे

भवानीनगरला आमच्या शाळंत बास्केटबॉलचे सर व्हते. माझ्या आधीच्या कितीक पोरी त्यांच्या हाताखालनं गेल्या, काहींच्या तर लेकीबी त्यांच्याकडंच खेळल्या. साखर कारखाना चालू झाला की मैदानावर धुराड्याची काळी काजळी पडायची, आन् आमी पोचायच्या आधीच सर झाडू मारत असायचे. "पाय घसरला तर तुझा बाप मला धरंल," म्हनायचे आन् आमच्याबी हातात झाडू द्यायचे.

त्यांची एक रीत व्हती. पोरीला संघात घ्यायचं म्हंजी आधी तिच्या घरी जायाचं, ओट्यावर बसून च्या प्यायचा, आन् घरातल्या थोरल्या मानसाला इचारायचं. माझ्या बापाला असंच इचारलं, बाप व्हय म्हनला, मी दोन वर्सं खेळले. दहावीत सर परत आले तवा माझी सुपारी फुटली व्हती. बाप न्हाय म्हनला, च्या पिऊन ते गेले. मी आतच व्हते, मला कुनी काय इचारलं न्हाय, आन् दहावी तशीच ऱ्हायली.

मागच्या थंडीत ते डाळजला माझ्या सासरी आले. मी लेकीला पाजत व्हते, त्यांचा आवाज ऐकला आन् वाटलं, माझं काय चुकलं का काय.

सर सासऱ्यांना म्हनले, "तात्या, औंदा मी रिटायर हुतोय. बारामतीच्या मॅचा ह्या माझ्या शेवटच्या. पोरींबरोबर जायाला बाई पायजे, न्हायतर शाळा पोरींना सोडत न्हाय, आन् आमच्या बाईंची बदली झाली. चार घरं फिरून आलो. एक दिवस सुनंला पाठवा."

सासरे मानूस चांगला, आधी च्याचा कप सरांपुढं सरकवला. मग म्हनले, "पोरगा ट्रॅक्टर घिऊन उसावर गेलाय, सर. हिच्या अंगावर पितं लेकरू. तुमीच सांगा."

आतनं सासू म्हनल्या, "येवढ्या पोरी खेळवल्या, एक बाई घावंना व्हय? आमचीच दिसली?"

"घावत्यात की, वैनी. पन प्रत्येकीच्या घरी तुमच्यासारखी सासू हाय."

सासरे हसले, पन मान हालली ती न्हायच म्हनून. सरांनी कप खाली ठिवला, उठले, चपला शोधाय लागले, आन् मला कळलं की हे आता गेले की पोरी घरी बसल्या, सगळ्याच्या सगळ्या. मी कशी उठले ठावं न्हाय, लेक कडंवर, पदर सावरत उंबऱ्यात आले.

"सर, मला इचारा की."

सर तसंच थांबले, एका पायात चप्पल. मग हळूच म्हनले, "खरं हाय. जल्मभर बापालाच इचारत आलो मी." आन् माझ्याकडं बघून म्हनले, "येतीस का?"

"येते."

"आन् लेकरू?" सासू.

"माझ्यासंगट यील."

"बारामतीत धूळ, दंगा."

"टोपरं घालीन."

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं, मग सासूकडं. "भिगवनच्या स्टँडवर मी सोडतो," म्हनले. "पयली गाडी हाय, हुकवू नको म्हंजी झालं."

बारामतीला मैदानाच्या कडंला टेबल व्हतं, तितं एका कागदावर पोरींची नावं आन् खाली संगं आलेल्या बाईची सही. टेबलावरचे इचारत्यात, "तुमी टीचर का, मॅडम?" वाटलं, दहावी सोडल्याली म्हनलं की हे पोरींना माघारी लावत्याल. मागं सर बोलाय निघाले, पन मीच म्हनले, "टीचर न्हाय. पोरींबरोबर आलेय. एकेकीला घरी पोचवूनच मी जानार."

त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. लेक पेन वढत व्हती, अक्षरं वाकडी आली, पन सगळं नाव लिवलं, आडनावासकट.

संघातली थोरली पोर पाठीशी उभी व्हती. "झालं का, ताई?"

"झालं. बूट बांधा."