कॉलरकाकूंची बाही

सव्वीस वर्षं कॉलरकाकूंनी फक्त कॉलरी शिवल्या. कारखान्याची पद्धतच तशी होती. एकीने कॉलर, दुसरीने बाही, तिसरीने कफ. अख्खा शर्ट दिसायचा तो पार पलीकडे इस्त्रीच्या टेबलावर. काकूंच्या कॉलरचं टोक लागून बोट रक्ताळेल, अशी बाया चेष्टा करायच्या, आणि काकूंना त्याचा कोण अभिमान! त्यांच्या मागच्याच मशीनवर बाहीवाली बसायची. तिचा हात कसा चालतो, हे मान वळवून बघावं असं काकूंना एकदाही वाटलं नाही.

मग कारखान्याला टाळं लागलं. बाहीवाली त्याआधीच वारली होती. काकूंनी उंबरे झिजवले, तर जो तो एकच विचारी, "पुरा शर्ट येतो का?" शेवटी एका दुकानातले मास्तर म्हणाले, "शनिवारी या. एक शिवून दाखवा, मग बघू."

काकू तोंडभरून "हो" म्हणाल्या. चौपन्नाव्या वर्षी मुंढ्यात, म्हणजे खांद्याच्या गोलात, बाही कशी बसते हे ठाऊक नाही, असं कुणाला सांगणार? लाजेने जीव नकोसा झाला. पण त्या लाजेतच, किती वर्षांनी कोण जाणे, एक प्रश्न डोकं वर काढू लागला. खरंच, बसते कशी?

कपाटात वारलेल्या नवऱ्याचा एकच शर्ट उरला होता, निळ्या रेघांचा, त्यांच्याच कारखान्यातला. लेक कधीमधी तो अंगात घालून खिडकीपाशी बसायची. का, ते काकूंनी कधी विचारलं नव्हतं. लेक कामावर गेल्यावर त्यांनी शर्ट मांडीवर घेतला, ब्लेडने पहिला टाका तोडला आणि मग हात थांबेना. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा चांगला बोटभर मोठा निघाला! आणि बाहेरून एक चुणी नाही.

"अगं बाई, कुठे जिरवलंस एवढं कापड?" काकू मोठ्याने म्हणाल्या. सव्वीस वर्षांत बाहीवालीला विचारलेला हा पहिला प्रश्न.

त्या भरात दुसरी बाहीही उसवली. कोणती बाही कुठली, याची खूण करायचं भानच राहिलं नाही. तीनदा टाचून, ओढून-ताणून दोन्ही बाह्या परत लावल्या, शर्ट घडी घालून जागच्या जागी ठेवला. काकू त्या दिवशी जेवायच्याही विसरल्या.

शनिवारी काकूंनी दुकानात बसून एक नवा शर्ट शिवला. मास्तरांनी त्याची कॉलर बोटांत फिरवून बघितली. "अशी मलाही जमत नाही," ते म्हणाले. मग शर्ट टांगून बाह्यांकडे बघितलं.

"बाह्यांची अदलाबदल झालीय, बाई. बाहीला पुढची बाजू असते, ती जरा खोल कापलेली असते."

"मला कुणी सांगितलंच नाही हो."

"तुम्ही विचारलं होतंत का कुणाला?"

मास्तर वाईट बोलले नाहीत, पण काकूंना वाटलं, भर रस्त्यात कुणीतरी थोबाडीत मारली. पुन्हा या, असं काही ते म्हणाले नाहीत.

म्हणजे घरच्या शर्टाचंही तेच झालं असणार. लेक यायच्या आत सुधारावं म्हणून काकूंनी तो पुन्हा उसवला. या खेपेला खुणा केल्या, बाजू नीट ओळखली. जुनं कापड मात्र आधीच्या टाक्यांनी जाळीदार झालं होतं. मशीन चालवलं तसा मुंढा हातात फाटत आला.

लेक दारात कधी येऊन उभी राहिली ते त्यांना कळलंच नाही.

"आई, एकच होता गं."

"शिकत होते मी. ही बघ, ही डावी. इकडे खोल असते..."

लेकीने बाहीकडे बघितलंदेखील नाही. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. काकू ती बाही हातात घेऊन दाराशी जाऊन बसल्या. सगळं हातचं गेलं होतं, काम गेलं, माणूस तर कधीच गेला होता.

"काय गं," त्या दाराला तोंड लावून हळूच म्हणाल्या, "तो घालून तू कशाला बसायचीस?"

काकूंनी पुन्हा विचारलं.