बी पाकीट कोणी उचललं

चीनमधल्या ज्या विद्यापीठात मी तीन सत्रं शिकवलं, तिथल्या परीक्षा कार्यालयातल्या बाईंनी माझ्यावर सूड उगवला, हे डब्लिनच्या टॅला भागातल्या आमच्या घरी जेवायला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितलेलं आहे. बायको म्हणते, काही जणांना दोनदा.

मी डब्लिनच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमचा त्या विद्यापीठाशी करार आहे. मुलं दोन वर्षं तिकडे शिकतात, उरलेली दोन इकडे. त्यासाठी दर सत्राला आमच्यातला एक जण तिकडे जातो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुसरं कोणीच तयार नव्हतं, म्हणून मी दोन अटी घातल्या. खोलीत स्वयंपाकघर हवं आणि सकाळी आठची तासिका नको. नागपुरात शिकवणी वर्ग चालवून मी वर आलोय. गरज कोणाला जास्त आहे हे पाहिल्याशिवाय मी होकार देत नाही. स्वयंपाकघर मिळालं. आठची तासिका मात्र आठवड्यातून चार दिवस माझ्याच नावावर.

वेळापत्रक त्या बाईच लावत. तिसऱ्या दिवशी मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो. दुपारचा एक वाजला होता. दार बंद, म्हणून ठोठावलं. उघडलं नाही, म्हणून जोरात ठोठावलं. दार उघडलं तेव्हा त्यांच्या गालावर उशीच्या शिवणीचा वळ होता आणि मागे टेबलांच्या मधे एक घडीची खाट. तिकडे जेवणानंतर दोन वाजेपर्यंत अख्खं विद्यापीठ झोपतं. मुलं बाकांवर डोकं टेकतात, कारकून खाटा उघडतात, पहारेकरीसुद्धा खुर्चीत पेंगतो. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. बाईंनी मला दोन मिनिटं पाहिलं आणि दार लावून घेतलं. तेव्हाच मी ओळखलं की हे पुढे महागात पडणार.

बाकी दिवस बरे जात. त्या भागात वर्गात हीटर नसतात. हिवाळ्यात मुलं कोट घालून बसत आणि प्रत्येकापुढे झाकणाची गरम पाण्याची बाटली. वर्गाची मॉनिटर एक मुलगी होती. तिकडे मॉनिटर म्हणजे अर्धी कारकून आणि अर्धी थोरली बहीण. हजेरी तिच्याकडे, आजाऱ्यांची चौकशी तिच्याकडे, आणि परदेशी शिक्षकसुद्धा तिच्याकडेच. मंडईत कोथिंबीर कुठे मिळते ते तिनेच दाखवलं. मी घासाघीस करायला लागलो की ती दोन पावलं मागे जाऊन दुसऱ्याच दुकानाकडे बघत उभी राहायची.

आता मूळ मुद्दा. तिथे परीक्षेसाठी एकाच वेळी दोन पेपर काढून द्यावे लागतात, ए आणि बी, दोन्ही सारखेच कठीण. वेगवेगळ्या बंद पाकिटांत. एक परीक्षेला वापरतात, दुसरा नापासांच्या फेरपरीक्षेला. माझ्या आधी गेलेल्या सहकाऱ्याने सांगितलं होतं, "नेहमी ए काढतात. बीकडे कोणी बघत नाही." पहिली दोन सत्रं तसंच झालं, म्हणून तिसऱ्याला मी हिशेब केला. नापास फार तर चार जण होणार. मग ए पेपर आठ दिवस खपून काढला. बी मात्र एका संध्याकाळी जुन्या वहीतून उतरवला. नागपुरात अतिहुशार मुलांची घमेंड उतरवायला जपून ठेवलेले प्रश्न होते ते.

परीक्षेच्या दिवशी मी वर्गात फिरत होतो. पहिल्या बाकावरचा पेपर पाहिला. तो बी होता.

निम्म्याहून जास्त वर्ग नापास झाला. मॉनिटरसुद्धा. फेरपरीक्षेत पुढे पास होता येतं, पण आयर्लंडला जाणाऱ्यांची यादी पहिल्याच निकालावर लागते. ती संध्याकाळी माझ्या दारात आली. ती रडेल म्हणून मी घाबरलो होतो. तिने वही पुढे केली. "लाओशी," म्हणजे गुरुजी, "माझं नाव यादीत नसेल. तिकडे मुलांची हजेरी कोण घेईल ते मी लिहून ठेवलंय. तुमच्या सहीची गरज आहे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर दोन वाजून पाच मिनिटांनी मी परीक्षा कार्यालयात होतो. आमच्या दोघांमधे बाईंचा फोन, भाषांतर करणारा. मी म्हटलं, सगळ्यांना पंधरा गुण वाढवून द्या. बाईंनी मान हलवली. मी दहावर आलो. मग म्हटलं, निदान शेवटचा प्रश्न रद्द करा. बाई फोनशी बोलल्या आणि फोन सपाट आवाजात म्हणाला, "गुण हा बाजार नाही." माझं डोकं फिरलं. बी पाकीट तुम्ही मुद्दाम काढलंत, असं मी त्या फोनला ओरडून सांगितलं. फोनने ते शांतपणे भाषांतर केलं. बाईंनी फोन जवळ ओढला. मग सावकाश बोलल्या, आणि फोन म्हणाला, "दोन्ही पेपर सारखे कठीण नव्हते असं पेपर काढणाऱ्याने लिहून दिलं, तर परीक्षा पुन्हा घेता येते."

म्हणजे माझ्याच हाताने माझी चूक लिहून द्यायची. मी उठून निघून आलो. क्रीडांगणाला तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत वहीतलं ते सुवाच्य अक्षर आठवलं, हजेरीची व्यवस्था केलेलं. परत जाऊन लिहून दिलं. सही केली, शेजारी लाल शाईत अंगठाही दिला. आठवड्याने ए पेपरवर परीक्षा झाली. मॉनिटर वर्गात तिसरी आली. माझ्या कागदाची एक प्रत डब्लिनला पोचली आणि चौथ्या सत्राला माझ्याऐवजी दुसऱ्याला पाठवलं. हा माझा राग होता, आणि मी तो नीट सांभाळला होता.

गेल्या महिन्यात मॉनिटर आमच्याकडे जेवायला आली. सप्टेंबरपासून ती आमच्याच कॉलेजात आहे. मी तिला लुआस ट्रामच्या स्टॉपवरून घेऊन आलो. वाटेत तिने सांगितलं की तिसऱ्या वर्षाचे सगळे विषय नीट चाललेत, फक्त प्रयोगशाळेतल्या माणसाचं इंग्रजी तिला अर्धंच कळतं. मी म्हटलं, मला इथे दहा वर्षं राहूनही तेवढंच कळतं. घरात आल्याआल्या तिने गरम पाणी मागितलं. माझ्या लेकीने प्रेसमधून, इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, कप काढला आणि विचारलं, "जस्ट वॉटर? आर यू शुअर?"

वरणभात वाढताना बायकोने मुद्दाम विषय काढला. "तुझ्या सरांना त्या परीक्षेच्या बाईंनी फार छळलं म्हणे."

मॉनिटर चमचा खाली ठेवून म्हणाली, "कुठल्या बाईंनी?"

"ज्यांनी बी पाकीट काढलं," मी म्हटलं.

ती म्हणाली, "पाकीट मी काढलं होतं. त्यांनी दोन्ही टेबलावर ठेवली आणि मला म्हणाल्या, एक उचल. मॉनिटरनेच उचलायचं असतं तिथे. बी माझ्या हाताजवळ होतं."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही फार रागात होतात. आणि मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. त्या लिहून देण्याच्या नियमाचं पुस्तकसुद्धा त्यांनीच शोधलं होतं. तुम्ही यायच्या आधी. त्या दुपारी त्या झोपल्या नाहीत."

बायकोने माझ्या पानात आणखी वरण ओतलं. "म्हणजे वर्षभर तू शिव्या घातल्यास त्या बाईला."

"आठची तासिका त्या बाईंनीच दिली होती," मी म्हटलं.

"बरं, तेवढी ठेव."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर पाठीवरचं पोतं कोणी उतरवून घ्यावं तसं वाटलं. पेपर मी वाईट काढला होता, हे मला त्या संध्याकाळपासून ठाऊक होतं. बाई दुष्ट असल्या की माझा वाटा लहान व्हायचा, इतकंच. आता वाटा पुरता माझा होता आणि तरी समोर ती मुलगी बसून बटाट्याची भाजी दुसऱ्यांदा घेत होती. तिच्या नववर्षाला ती घरी जाणार आहे. बाईंना काय पाठवावं यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

जेवणानंतर मी चहा टाकून बाहेर आलो, तर मॉनिटर सोफ्यावर बसल्याबसल्या झोपली होती. सव्वा वाजला होता. मी लेकीला टीव्ही बंद करायला सांगितलं. "बट व्हाय, बाबा?" ती म्हणाली. मी ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. ती दुसऱ्यांदा वाजू नये म्हणून मी अनवाणी धावलो.