नव्या भाताआधीचा तारपा

पांडुरंग भुसारा एसीच्या दुरुस्तीसाठी कुठल्याही इमारतीच्या गच्चीवर बेधडक चढायचा, अगदी भर उन्हाळ्यातसुद्धा. पण जुलैतल्या त्या शुक्रवारी संध्याकाळी, मनामातल्या एका हॉलच्या विंगेत तारपा घेऊन उभा राहिला तेव्हा त्याला स्टेजवर पाऊल टाकवेना.

जव्हारकडच्या पाड्यावरचा हा वारली गडी बाहरीनला येऊन सहा वर्षं झाली होती. उम्म अल हस्सममध्ये सलीलच्या फ्लॅटचा एसी दुरुस्त करताना भिंतीवरची गिटार बघून "आपण पण वाजवतो" असं बोलून गेला आणि फसला. बँकेतला सलील असल्या माणसाला सोडतो कुठला! पुढच्या रजेवरून येताना पांडुरंगने फुंकून वाजवायचा वाळक्या भोपळ्याचा तारपा शर्टांत गुंडाळून आणला. सलीलची गिटार, रत्नागिरीच्या इमादचे ड्रम आणि मधोमध तारपा, असा बँड जमला. हिवाळाभर अरादपासून बुसैतीनपर्यंत लोक त्यावर नाचले.

हिवाळ्यात ठीक होतं. पण नवा भात देवाला दाखवल्याशिवाय तारप्यात फुंक मारायची नाही, हा त्याच्या घरचा नेम. जुलैत तर तिकडे लावणीसुद्धा उरकलेली नसते. सलीलला हे आधीच सांगायला हवं होतं, पण पांडुरंगचं तोंड नको तेव्हा उघडतं आणि हवं तेव्हा मिटतं.

हा नेम त्याने एकदाच मोडला होता. नऊ वर्षांपूर्वी, आषाढात, रिसॉर्टवरच्या पाहुण्यांसाठी. आठव्या दिवशी धाकटा भाऊ सोन्या लावणीला गेला, त्याला साप चावला आणि संध्याकाळपर्यंत तो गेला. बाप एका शब्दाने बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खरं सांगायचं तर, त्या गप्प बसण्याला भिऊनच पांडुरंग परदेशी पळाला.

आणि आज सकाळी गावाकडे त्याची बायको सुरेखा दवाखान्यात दाखल झाली होती. पहिलटकरीण, त्यात बाळ आडवं. आपण इथे फुंक मारली की तिकडे काहीतरी होणार, हे दुपारपासून पांडुरंगच्या डोक्यातून जात नव्हतं.

"दहा मिनिटं राहिलीत," सलील म्हणाला. "रेडी ना?"

"मी नाही वाजवणार."

सलील आधी हसला. मग पांडुरंगने चाचरत, घाम पुसत सगळं सांगितलं.

"अरे, पावसाळ्यात साप चावतातच. त्याचा याच्याशी काय संबंध? बाहेर लोक तुझ्यासाठी आलेत यार."

हे पांडुरंगलाही कळत होतं. नऊ वर्षं तो स्वतःला हेच समजावत होता, आणि तरी तारपा तोंडाला लावायला तो धजत नव्हता.

इमादने ड्रमच्या काठ्या उचलल्या. "सलील, खलास, बस झालं. त्याची बायको तिकडे अडलेय. रोज्यात कोणी मला पाणी पी म्हटलं, तर मी पितो काय? आपण दोघं वाजवू."

दोघं गेले. गाण्यात तारप्याची जागा आली तेव्हा इमाद नुसताच ठेका धरून राहिला. लोक वाट बघत थांबले, मग कुजबुजायला लागले. पांडुरंगने तारपा खुर्चीवर ठेवला आणि आपला श्वासही त्याला लागू नये म्हणून लांब भिंतीला टेकून उभा राहिला. शरमेने त्याचे कान तापले होते, पण शरमेपेक्षा भीती मोठी होती. तेवढ्यात फोन थरथरला. बाप होता.

"मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं. दोघी बऱ्या आहेत."

पांडुरंग मटकन खाली बसला आणि रडला.

"वाजवत होतास काय?" बापाने विचारलं.

"नाही बाबा. भ्यालो."



"सोन्या गेला त्या वर्षी," बाप म्हणाला, "तुझ्या आधी मी वाजवला होता. दोन दिवस आधी. सरपंचाकडे पाहुणे आले होते. तुला सांगायला भ्यालो."

पांडुरंग परदेशी येईपर्यंतची तीन वर्षं आणि पुढे दर रजेत दोघं एका चुलीसमोर मान खाली घालून जेवले होते, आणि सोन्या आपल्यामुळेच गेला असंच दोघांनाही वाटत आलं होतं.