चव्वेचाळीस इंचांचा पहारा

आमच्या शहरात लहान मुलांना घेऊन कुठे कुठे जावं याच्या याद्या निघतात. त्या याद्या करणाऱ्याने एकदा तिथे खरोखरचं लहान मूल घेऊन जावं, एवढीच माझी मागणी आहे. मत्स्यालयात मासे मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर पोहतात आणि पोरांना काचेखालचा गंजका पत्रा दिसतो. प्राणिसंग्रहालयात वाघ झोपलेला असतो आणि टक्क जागा असलेला एकमेव प्राणी म्हणजे फोटो काढून देणारा. विज्ञानाच्या दालनात ‘हात लावून शिका’ अशी पाटी असलेल्या यंत्रावर ‘नादुरुस्त, हात लावू नये’ असा कागद चिकटवलेला असतो. बाहेर पडायची वाट सगळीकडे खेळण्यांच्या दुकानातूनच जाते. म्हणजे पोर दिवसभर हसलं असलं तरी घरी रडतच जावं, याची चोख व्यवस्था. हे मी रागाने लिहितोय, कबूल. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांच्या रागापुढे माझा राग म्हणजे कोमट पाणी.

बालोद्यानात ‘सुसाट’ नावाची एक छोटी गाडी आहे. चार डबे, दोन मजले उंच चढ, तीन वळणं, आणि शेवटी मगरीच्या उघड्या तोंडातून बाहेर. तिच्या पायऱ्यांशी ते उभे असायचे. शेजारी लाकडी फळीचा जिराफ, जिराफाच्या अंगावर लाल रेघ. रेघेला डोकं लागलं तर वर जायचं, नाही लागलं तर परत. ‘नाही’ हा शब्द ते दिवसातून इतक्या वेळा म्हणत की पोरांनी त्यांचं नाव ‘नाहीकाका’ ठेवलं होतं. मॅनेजरपासून फुगेवाल्यापर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत, आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. माणसाला नाव कामावरून मिळावं, असं त्यांचं म्हणणं.

आमची ओळख भांडणातून झाली. माझा नातू रेघेला दोन बोटं कमी पडला.

“नाही,” ते म्हणाले.

“अहो, दोनच बोटं.”

“मग दोन बोटं वाढली की या. मी कुठे चाललोय?”

“आज जरा दमलाय तो. एरवी याहून उंच असतो.” हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने, पूर्ण शुद्धीत बोललो आहे.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “दमल्यावर माणूस वाकतो, आजोबा. आटत नाही. आटतं ते सुती कापड.”

तेव्हा कळलं की गृहस्थ शिंपी आहेत. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले. आठ बाय सहाचं दुकान, दारात एक बाक आणि बाकावर रांगेने बसलेली पोरं. पोराला टेप न लावता, नुसतं बघून इंचाच्या आत माप सांगायचे. पण त्या सव्वीस वर्षांत एकाही आईबापाने पोराचं खरं माप शिवू दिलं नाही. “जरा वाढत्या अंगाचं ठेवा.” “दोन वर्षं जायला हवं.” सगळी पोरं पहिलीत तिसरीचा शर्ट घालून जायची आणि तिसरीत गेली की शर्ट फाटलेला असायचा. “पोर आहे तेवढंच मोजून घ्यायला कुणी तयारच नसतं,” काका म्हणायचे. “दुकानात तेच, इथेही तेच. तिथे कापडात फसवायचे, इथे बुटात कागद घालून फसवतात.” कागद, दोन-दोन मोजे, डोक्यावर नारळाएवढा अंबाडा, सगळे प्रकार त्यांनी पाहिले होते. मग शाळांनी तयार गणवेश घ्यायला सुरुवात केली, एकाच कंत्राटदाराकडून, आणि दुकानाला कुलूप लागलं. मशीन घरी खिडकीखाली आलं. काका जिराफाशेजारी आले.

कामावर लागल्यावर त्यांनी पहिल्या दिवशी काय केलं असेल, तर रिकाम्या डब्यात बसून सीटपासून दांडीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. दांडी म्हणजे मुलांच्या मांडीवर खाली येऊन ‘खट्’ बसणारा लोखंडी आडवा दांडा. चव्वेचाळीस इंचांच्या पोराच्या मांडीवर ती नीट टेकते. त्याहून लहान पोर असलं की मधे फट राहते आणि वळणावर पोर खालून निसटू शकतं. “रेघ दांडीवरून बेतलीय,” ते मला म्हणाले होते. “उगाच नाही मारलेली.” तेव्हापासून ती रेघ त्यांनी घरच्या उंबऱ्यासारखी राखली. तक्रारवहीत त्यांच्यावरची पानंच्या पानं भरली. ‘उद्धट’, ‘मुलांचा हिरमोड करतात’, एकाने तर ‘चेहरा बालोद्यानाला शोभत नाही’ असंही लिहिलं होतं.

यंदा सुट्ट्या लागल्या आणि नवे मॅनेजर आले. तरुण, गोड बोलणारे, कधीही आवाज न चढवणारे. अशा माणसांची मला आधीपासूनच भीती वाटते. सोमवारी उद्यान बंद होतं तेव्हा जिराफाला नवा रंग दिला गेला. मंगळवारी सकाळी दोन वेण्यांची, पुढचा दात पडलेली एक मुलगी आईचा हात धरून आली, रेघेखाली उभी राहिली आणि पास झाली. काकांनी तिला मागच्याच मंगळवारी परत पाठवलं होतं.

“आठ दिवसांत दोन इंच?” ते म्हणाले. “पोर आहे की भोपळ्याचा वेल?”

त्यांनी खिशातून टेप काढून रेघ मोजली. एक्केचाळीस. त्यांनी गाडी चालवणाऱ्याला हात केला, गाडी जागेवर थांबवली आणि तडक मॅनेजरच्या खोलीत गेले.

“साहेब, रंगाऱ्याने रेघ तीन इंच खाली मारलीय.”

“हो,” मॅनेजर म्हणाले.

 या उत्तराची तयारी करून काका गेले नव्हते.

“चार वर्षांची मुलं परत जातात, काका. त्यांच्याबरोबर आईबाबा जातात, आजीआजोबा जातात. एका मुलामागे चार माणसं. आपण सगळ्यांना सामावून घ्यायला हवं.”

“मग दांडीपण खाली घ्या.”

“दांडीचा काही प्रश्न नाही.”

“साहेब, कंबर कमी केली की पट्ट्याला भोक वाढवावं लागतं. नाहीतर विजार हाताने धरून फिरायची पाळी येते. वळणावर पोराला कोण धरणार, मी?”

मॅनेजर हसले. “तुम्ही फार ताण घेता. तुम्हाला फुग्यांच्या स्टॉलवर देऊ का? तिथे सगळ्यांना हो म्हणता येईल.”

हे मला सांगताना काकांच्या कानशिलावरची शीर उडत होती. त्या दिवशी ते परत जिराफाशी आले, जिराफाकडे पाठ केली आणि टेप लावून चव्वेचाळीसच्या खालचं एकेक पोर परत पाठवायला लागले. रांगेत गदारोळ झाला. “रेघेला डोकं लागतंय, दिसत नाही?” “तुम्ही स्वतःला समजता कोण?”

“शिंपी,” काका म्हणाले.

संध्याकाळपर्यंत तेवीस तक्रारी झाल्या. त्यांतली एक माझी. नातू तेव्हा त्रेचाळीस इंचांवर आला होता, आणि जिराफाने हो म्हटल्यावर माणसाने नाही का म्हणावं, हे मला कळेना. काही महिन्यांची ओळख असूनही मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं. मॅनेजरने वही वाचली आणि काकांना सांगितलं की उद्या साडेदहापासून तुमच्या जागी दुसरा माणूस उभा राहील.

साडेदहा, म्हणजे गाडी सुरू व्हायची वेळ. त्याआधी रोज दहा वाजता गाडी रिकामी तीनदा फिरवून बघायची, असा नियम होता. तेवढी अर्ध्या तासाची सकाळ काकांच्या हातात उरली.

बक्षिसांच्या स्टॉलमागे एक कापडी अस्वल पडलं होतं. शिवण उसवली म्हणून टाकून दिलेलं. ते काखेत मारून काका घरी गेले. मशीनवर बसून त्यांनी त्याचे पाय कापून आखूड केले, अस्वल बरोबर एक्केचाळीस इंचांचं केलं, आणि पोटात वाळूच्या पिशव्या आणि चिंध्या दाबून चार वर्षांच्या पोराइतकं जड केलं. सोळा किलो.

काकू चिंध्या आणून देत होत्या. “अहो, एवढा जोर तेव्हा लावला असतात तर दुकान चाललं असतं.”

“दुकान माझ्यामुळे बंद नाही पडलं.”

“मी कुठे म्हटलं तसं? मानेला दुहेरी टाका घाला. पोरांसमोर मुंडकं उडायला नको.” मग त्या आत गेल्या आणि दुकानातला उरलेला एक शर्ट घेऊन आल्या. सगळ्यात लहान मापाचा, खिशावर शाळेचा बिल्ला शिवलेला. “हा घाला. नुसत्या अस्वलाकडे कुणी बघणार नाही.”

बुधवारी दहाला पायऱ्यांपाशी रांग लागली होती. मीही होतो, नातवाला घेऊन, विजयी मुद्रेने. काका अस्वलाला कडेवर घेऊन आले, पहिल्या डब्यात बसवलं, दांडी ‘खट्’ करून लावली आणि दोनदा ओढून पाहिली. गाडी चालवणारा त्यांचा जुना दोस्त. नियमात ‘माणसांशिवाय फिरवावी’ असं लिहिलंय, तो नंतर म्हणाला, अस्वलाबद्दल काही लिहिलेलं नाही.

गाडी चढली. पहिल्या वळणावर अस्वल नीट बसलं होतं. दुसऱ्यावर ते खाली सरकलं आणि दांडी त्याच्या हनुवटीशी आली. तिसऱ्या वळणावर शर्ट तेवढा फडफडलेला दिसला आणि मग खाली खडीवर आवाज झाला. सोळा किलोंचा. मगरीच्या तोंडातून डबा बाहेर आला तेव्हा दांडी जशीच्या तशी लागलेली होती आणि सीट रिकामी होती.

रांगेतलं एक पोर खुदकन हसलं. त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी नातवाचा हात इतका घट्ट धरला होता की तो म्हणाला, “आजोबा, दुखतंय.”

मॅनेजर धावत आले. तेव्हाही त्यांचा आवाज चढला नाही. “हे बघा, घाबरू नका. ते अस्वल आहे. मुलं हाताने दांडी धरून बसतात.”

“चार वर्षांचं पोर, साहेब,” काका म्हणाले. “त्याला नाक पुसायला दोन्ही हात लागतात.”

दोन वेण्यांच्या मुलीची आई रांगेतून बाहेर पडली. काकांसमोर येऊन थांबली. “काल मी तुम्हाला काय वाट्टेल ते बोलले.”

“बोललात,” काका म्हणाले. “आता तिला झोक्यावर न्या.”

तिच्यामागून दुसरी निघाली, मग एक बाप दोन्ही पोरं खांद्यावर टाकून निघाला. दहा मिनिटांत पायऱ्या ओस पडल्या. गाडी दिवसभर बंद राहिली आणि गुरुवारी जिराफावरची रेघ पुन्हा चव्वेचाळीसवर गेली.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी पेढ्यासारखं काहीतरी गोड लिहून मोकळा झालो असतो. पण गुरुवारीच फाटकावर सूचना लागली: ‘रंगाऱ्याच्या चुकीमुळे उंचीची रेघ खाली आली होती. दिलगीर आहोत.’ काकांना खोलीत बोलावलं गेलं. टेबलावर तयार कागद होता. रेघ रंगाऱ्याच्या हातून चुकली हे मी पाहिलं, एवढं लिहिलेलं, खाली सहीची जागा. सही केली तर काका सुरक्षाप्रमुख, गळ्यात शिट्टी. रंगारीही तिथेच होता. शहरातल्या निम्म्या बालवाड्यांच्या भिंतींवर ज्याचे ससे आणि हत्ती आहेत, तो म्हातारा. एक्केचाळीसचा आकडा लिहिलेली मॅनेजरच्या हातची चिठ्ठी त्याने सोमवारी काम झाल्यावर त्यांच्याच कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती, म्हणजे पुरावा गेला.

“करा सही, काका,” रंगारी म्हणाला. “मला काय, दुसरी भिंत मिळेल.”

“माप चुकलं माझं आणि दोष दिला कापडाला, असं मी सव्वीस वर्षांत केलं नाही,” काका म्हणाले, आणि कागद मॅनेजरकडे सरकवला. त्याच दुपारी त्यांना काढलं. कारण लिहिलं: उद्यानाच्या अस्वलाची नासधूस.

मी घरी भेटायला गेलो, समजूत घालायला. काका खिडकीखाली कुणाच्या तरी पडद्यांना दुमड घालत होते.

“रेघ तर वर गेली ना,” मी म्हणालो. “जिंकलात तुम्ही.”

मशीन थांबलं. “जिंकलो? सहा वर्षं मी तोंडाने सांगत होतो, कुणी ऐकलं नाही. अस्वल पडलं तेव्हा ऐकलं. आणि आता त्या म्हाताऱ्याला गावभर बेजबाबदार म्हणताहेत. एका बालवाडीने त्याचं बोलावणं रद्द केलं, कालच. तुमचा नातू शाबूत आहे ना? मग मला जिंकल्याचं सांगायला येऊ नका.”

“मी काय करू, सांगा.”

“तुम्हाला लिहायची हौस आहे. माझ्याविरुद्ध लिहिताना अक्षर छान आलं होतं तुमचं.” त्यांनी पुन्हा पाय मशीनवर ठेवला. “तेवढ्याच छान अक्षरात दुसरं लिहा.”

काकूंनी पाणी आणून दिलं. ते पिऊन मी आलो आणि लिहायला बसलो. तर ही माझी दुसरी तक्रार: बालोद्यानातल्या जिराफावरची रेघ मॅनेजरने तीन इंच खाली आणायला लावली, समजूनउमजून. रंगाऱ्याने सांगितलं तिथे रंग दिला. त्याचा हात चुकला नव्हता. ज्या बालवाड्यांना भिंती रंगवून घ्यायच्या असतील त्यांनी त्याला बोलवावं.