एका मुळावरची अकरा झाडं

वनखात्यातून निवृत्त झाल्यावर काका घरी टिकले जेमतेम चार दिवस. पाचव्या दिवशी काकूंनी हात टेकले. "माझे डबे उंचीप्रमाणे लावायला कुणी सांगितलं होतं? जा, जंगलात जाऊन काय मोजायचं ते मोजा!"

योगायोगाने एक तरुण संशोधक बाई तसाच माणूस शोधत होत्या. कोरड्या, पानगळीच्या जंगलात मोठा चौकोन आखायचा, त्यातल्या प्रत्येक झाडाची जागा टेपने मोजायची, खोडाला नंबराचा पत्रा बांधायचा आणि वहीत लिहायचं. काकांनी सात महिने हे काम अशा ऐटीत केलं, की झाडं जणू त्यांना विचारूनच उगवली होती.

मग बाईंनी संगणकावर नकाशा काढला आणि बुचकळ्यात पडल्या. प्रत्येक झाडाचा एक ठिपका. थोडे घोळके असणार हे त्यांना ठाऊक होतं. पण एका जागी एकाच जातीचे अकरा ठिपके नुसते चिकटून बसले होते.

"काका, रागावू नका हं. सावलीत बसून अंदाजाने लिहिलंत का?"

काकांना मिरच्या झोंबल्या. "चला मॅडम. आत्ताच्या आत्ता!"

पाचोळा तुडवत दोघं तिथे पोचले. मनगटाएवढी अकरा खोडं खरोखरच उभी होती. काका गुडघ्यांवर बसले आणि खुरप्याने माती उकरू लागले. वीतभर खाली एक जाड मूळ निघालं. या खोडाकडून त्या खोडाकडे सरळ गेलेलं.

"वणव्यात मोठं झाड जळालं, मुळं तेवढी वाचली. त्यांनाच हे फुटवे आलेत."

बाई मातीतच बसल्या. "म्हणजे ही अकरा नाहीत, एकच आहे!" मग त्यांनी हळूच नकाशा उलगडला. "आणि हे नऊशे अठरा नंबरचं झाड? नकाशात भर नाल्यात उभं आहे."

काका खाकरले. "त्या दिवशी... जेवण जरा जड झालं होतं."

नऊशे अठरा सापडलं काठावर, बारा मीटर लांब. बाई पोट धरून हसल्या. काका टेपची गुंडाळी नीट करण्यात फार गुंतले.

उरलेले घोळके उकरायला तीन आठवडे लागले. झाडांचा आकडा चौसष्टने घसरला आणि काकांचं तोंड उतरलं. "एवढी मेहनत करून मोजली, आणि खोडून टाकणार?"

"खोडत नाही, जोडते," बाई म्हणाल्या. त्यांनी एका मुळावरचे ठिपके लाल रेघेने जोडले. काकांनी चष्मा पुसून एकेक रेघ बोटाने तपासली, दोन चुका काढल्या आणि मगच खुशीत मान हलवली.